बाळंतिणीचा तांब्या

आपल्याकडं बाळंतपणाचं कौतुक फार. पाचवीला सटवाई पुजायची, बाराव्या दिवशी बारसं करायचं, आत्याचा मान, कुंची, झबली, घुगऱ्या. बघायला येणारी प्रत्येक बाई बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघते, अंगावर दूध पुरतंय का विचारते. बाळानं शी किती वेळा केली, हिरवी केली का पिवळी, याचीही चौकशी होते. पण बाजेवर पडलेल्या त्याच्या आईला 'तुला परसाकडं होतंय का गं?' असं विचारणारी बाई मला साठ वर्षांत क्वचितच भेटली. बाप्यामाणूस तर एकही भेटला नाही.

हा काय पुस्तकात लिहायचा विषय आहे का, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं की, हा विषय कुणी लिहिला नाही, बोलला नाही, म्हणूनच तो घरोघर पोरींच्या जिवावर बसलाय. नाक मुरडायचं असेल त्यांनी मुरडावं, पण वाचून मग मुरडावं.

माझं पहिलं बाळंतपण १९८१ सालचं, माहेरी, माणदेशातल्या एका वाडीत. सुईणीच्या हातनं झालं. पोरगी झाली, सगळं नीट झालं. मला घरातल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर टाकलं, बाजेखाली शेगडी, दाराला गोणपाट. खायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, तूप घातलेला भात, खोबरं-खारीक, डिंकाचा लाडू. भाजी बंद, कारण ती वातूळ. फळ बंद, कारण ते थंड. आणि पाणी? दिवसाला अर्धा तांब्या, तोही सुंठ घालून उकळलेला. मागितलं तर आजी म्हणायची, "पानी कमी पी, प्वाट सुटंल. पोरीला सर्दी हुईल." बाजेखाली निखारे, अंगाला घामाच्या धारा, पोर दर दोन तासाला अंगावर पिणारी आणि मला पाणी अर्धा तांब्या!

चौथ्या दिवशी पोट दगडागत झालं. घरात संडास नव्हता. अख्ख्या वाडीत नव्हता. पहाटे तांबडं फुटायच्या आत आईच्या खांद्याला धरून ओढ्याकडं जायचं. खालचं अंग फाटलेलं, त्यात उकिडवं बसायचं. कुणी बाप्या वाटेनं आला की तसंच उठून उभं राहायचं. त्या दिवशी काचा निघाल्यागत झालं, रक्त आलं. रडत घरी आले तर एक म्हातारी म्हणाली, "सोस जरा. बायकांची जात हाय." दुसरीनं वाटीभर एरंडेल पाजलं. मग रात्रभर पोटात मुरडा आणि पहाटेची वाट न बघता धावपळ. जखम होती त्याच्या दुप्पट झाली.

त्यानंतर मी जेवणच कमी केलं. खाल्लंच नाही तर जायला नको, असा माझा हिशोब. आणि हा हिशोब माझ्या एकटीचा नव्हता. पुढं शेतात खुरपताना, लग्नाच्या मांडवात भाकऱ्या थापताना बायका मोकळेपणानं बोलायला लागल्या तेव्हा कळलं की प्रत्येकीनं हाच हिशोब केला होता. कुणाला त्यातनं मूळव्याध लागली ती जन्माची. कुणाला चीर पडली ती महिना महिना भरली नाही. आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच शरीर वंगाळ.

शरीर वंगाळ नसतं. शरीराचं काम साधं आहे. गरोदरपणात अंगात जी हार्मोनं वाढतात त्यानं आतडं सुस्त पडतं. बाळंतपणात बाई दमते, खाणंपिणं तुटतं. टाके पडलेले असले की जोर करायची भीती वाटते. सिझर झालं तर पोटाची कळ आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी येणारी सुस्ती वेगळी. एवढं निसर्गाचं आणि दवाखान्याचं. त्याच्यावर आपण घरातली माणसं काय करतो? पाणी तोडतो, भाजी तोडतो, आणि जायची जागाही तोडतो. मग ती थांबवून धरते. थांबवलं की मळ आणखी सुकतो. सुकला की जास्त दुखतो. दुखला की ती आणखी थांबवते. हा रहाट आपण फिरवतो आणि त्याला म्हणतो, 'बायकांची जात.'

पाण्याचंच घ्या. आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८७ भाग पाणी असतं. ते येतं कुठून? विहिरीत झरा नाही आणि मोट मात्र चालू, असं किती दिवस चालेल? पाण्यानं पोट सुटत नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू सैल झाल्यानं पोट सैल दिसतं, ते हळूहळू आवळतं. आई पाणी प्याली म्हणून दूध पातळ होत नाही आणि बाळाला सर्दीही होत नाही. आमचा भाग दुष्काळी, पाण्याची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. १९७२ ला आम्ही घागरीनं मोजून पाणी प्यालोय. पण बाळंतिणीचं पाणी कधी दुष्काळानं तोडलं नाही. ते भरल्या रांजणाशेजारी बसून माणसांनी तोडलं.

जुनं सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. शेपूची भाजी बाळंतिणीला द्यायची चाल जुन्या बायकांचीच. हळिवाची खीर त्यांचीच, आणि ती चांगलीच. पण हळीव एकदा पाण्यात टाकून बघा. चमचाभर भिजवलं तर फुगून वाटी भरतं, इतकं पाणी पितं. तेच हळीव लाडवात कोरडं घालून दिवसाला दोन लाडू चारायचे आणि वर पाणी पिऊ द्यायचं नाही, तर ते बिचारं फुगणार कशात? खीर करणाऱ्या जुन्या बाईला अक्कल होती. मधल्या कुणीतरी खीर विसरली, लाडू ठेवला आणि पाण्याला कुलूप घातलं. त्याला परंपरा म्हणू नका.

आता जागेचं बोलते. २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं. २०१४ ला स्वच्छ भारत आलं. २०१८ ला सरकारनं आपलं राज्य हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. चांगलं झालं. त्या बाबांनी खराटा हातात धरून जे सांगितलं त्याला फळ आलं, हे मी मानते. पण माझ्या बघण्यात असेही संडास आहेत की ज्यात शेणी आणि सरपण भरलंय. दार आहे, कडी नाही. भांडं आहे, पाणी लांबनं आणायचं. आणि काही घरांत संडास चांगला असूनही बाळंतिणीला विटाळ म्हणून दहा दिवस तिकडं फिरकू देत नाहीत. ज्या बाईसाठी तो सगळ्यात आधी उघडायला पाहिजे, तिलाच बंद. कागदावर गाव मुक्त झालं, बाळंतीण नाही झाली.

दवाखान्याचंही सांगायला हवं. माझ्या धाकट्या लेकीचं बाळंतपण २००९ साली तालुक्याच्या दवाखान्यात झालं. टाके पडले. घरी सोडताना बाळाच्या लसीचं सांगितलं, टाके कोरडे ठेवायला सांगितलं, गोळ्यांची पुडी दिली. पोट साफ झालं का, नाही झालं तर काय करायचं, हे कुणी बोललं नाही. त्या पुडीत लोहाच्या गोळ्या होत्या. सरकारी नियमानं या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. अंगातलं रक्त भरून यायला त्या लागतातच. पण त्यानं काही बायकांना खडा धरतो आणि मळ काळा होतो. काळ्या रंगाला घाबरायचं कारण नाही, हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? ते सांगत नाहीत, म्हणून बायका घाबरतात आणि गोळ्या पत्र्याच्या डब्यामागं टाकून देतात. मी स्वतः शेजारणींच्या घरात अशी पाकिटं बघितलीत. मग पुढच्या खेपेला तीच बाई पांढरीफटक होऊन येते आणि तिलाच बोलणी बसतात. लाजेपायी आपण रक्त घालवतोय.

आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा खेपा. उन्हातान्हात चालत येतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं एवढंच मागणं, की बाळाचं वजन करून झाल्यावर घरातल्या बाकीच्यांना जरा बाहेर काढा आणि आईला हा एक प्रश्न विचारा. सासूसमोर ती कधी सांगायची नाही.

शहरातल्या वाचकांनी हे खेड्यातलं म्हणून सोडून देऊ नये. माझी भाची पुण्यात राहते. खोलीला लागून संडास, नळाला चोवीस तास पाणी. तिलाही डिंकाचे लाडू चारून पाणी मोजून दिलं. ती नोकरी करणारी, चार माणसांत बोलणारी पोरगी, पण अकरा दिवस तिनं नवऱ्याला सांगितलं नाही की आपल्याला संडासला बसायची धास्ती वाटते. फरशी बदलली म्हणून लाज बदलत नाही.

२०१७ ला माझ्या सुनेचं बाळंतपण आमच्याच घरात निघालं. तेव्हा मी तिच्या उशाशी भरलेला तांब्या आणि पेला ठेवला. बाळ अंगावर घेतलं की पेलाभर पाणी, हा नियम. लघवी पिवळी झाली की पाणी कमी पडलं असं समजायचं. जेवणात रोज तांदळजा नाहीतर शेपू, मुगाची पातळ आमटी, पपई, भिजवलेल्या मनुका. दुसऱ्या दिवसापासनं अंगणात चार पावलं चालणं. लागली की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही. बसताना टाक्यांवर धुतलेल्या कापडाची घडी हलकी दाबून धरायची, म्हणजे फाटेल अशी भीती राहत नाही. जोर करायचा नाही, श्वास सोडत बसायचं. खुर्चीसारखा संडास असेल तर पायाखाली पाट घ्यायचा. दुखलं तर डॉक्टरांना विचारून कोमट पाण्याच्या टोपात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. इसबगोल घेतलं तर पेलाभर पाण्यातनं आणि वर आणखी पाणी. एरंडेल घरात ठेवलंच नाही. तरी दोन-तीन दिवस झालं नाही तेव्हा डॉक्टरांकडनं अंगावर पाजणाऱ्या बाईला चालणारं मऊ औषध लिहून आणलं. त्यात कसली आली शरम?

भावकीतल्या बायका येऊन बोलल्या, "आमी न्हाय का सोसलं? आताच्या पोरींचं लई लाड." मी म्हटलं, "सोसलं, मग काय मिळालं? मूळव्याधच ना?" सोसणं हा काही दागिना नाही, की सासूनं सुनेच्या गळ्यात घालावा.

काही खुणा मात्र घरच्या उपायांच्या पलीकडच्या. रक्त थांबत नसेल, पोट फुगून उलट्या होत असतील, वारासुद्धा सरत नसेल, ताप आला, टाक्यांना घाण वास आला किंवा मळ आवरतच नसेल, तर लाडू-काढा करत बसू नका. त्याच दिवशी गाडी काढा.

आणि गाडी काढायची अक्कल आपल्याला नाही असं नाही. म्हैस व्याली की घरातला बाप्या रात्रभर गोठ्यात बसतो. जार पडला का बघतो. बाजरी-गुळाचं आंबोण शिजवून घालतो. कोमट पाण्याची बादली तोंडापुढं धरतो आणि ती पीत नसेल तर त्यालाच घोट उतरत नाही. सकाळी पहिलं काय बघतो? शेण टाकलं का. एक दिवस शेण टाकलं नाही तर आडरात्री मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरला आणतो. चावडीवर बसून सगळ्यांना सांगतोही, 'शेण घट्ट होतं, आता सुटलं.' त्यात त्याला लाज नाही, कारण म्हैस दूध देते आणि दूध पैसे देतं. आतल्या खोलीत त्याच्या पोराला पाजणारी बाई चार दिवस दात आवळून पडलीय, तिला पाणी कुणी दिलं का हेही त्याला ठाऊक नसतं.

म्हणून माझं सांगणं घरातल्या कर्त्या माणसाला, मग तो नवरा असो, सासरा असो, नाहीतर सासू. बाळंतिणीच्या उशाशी प्यायचा तांब्या भरलेला पाहिजे आणि संडासातली बादली भरलेली पाहिजे. दोन्ही आहेत का, हे रोज स्वतः उठून बघा. संडासाला कडी बसवा, सरपण बाहेर काढा. आणि तिला तोंडानं विचारा, 'आज पोट साफ झालं का?' एवढं विचारायला जीभ रेटत नसेल, तर गोठ्यात जाऊन आधी म्हशीला विचारून या. तिथं रेटते, हे मला माहीत आहे.