'साठी बुद्धी नाठी' म्हणून हात झटकू नका

आजी नातवाचे नाव विसरली, आजोबा शनिवारच्या बाजारातून येताना वाट चुकले, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरात विषय संपतो. काष्टी परिसरातील वस्त्यांत काम करताना आम्हाला हे वारंवार दिसते. पण हा प्रश्न केवळ वयाचा नाही. तो शिक्षणाचा, म्हणजेच आपल्या चळवळीचाही आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळेत न गेलेल्यांत जास्त आढळले. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा ही त्यांतलीच. ज्या पिढीला जातीने आणि गरिबीने शाळेबाहेर ठेवले, ती आज सत्तरीत आहे. तिच्यातल्या स्त्रियांच्या वाट्याला तर हा अन्याय दुपटीने आला.

बाजाराने यावर मोबाईलमधले 'ब्रेन ट्रेनिंग' खेळ आणले आहेत. सरावाने त्या त्या खेळात माणूस तरबेज होतो. त्यातून स्मृतिभ्रंश टळतो, हा दावा मात्र टिकलेला नाही. अशाच जाहिरातींबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये 'लुमॉसिटी' कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. शिवाय ज्या आजीला अक्षरओळखच नाही, तिला हे खेळ काय कामाचे?

आपल्या जवळचे उदाहरण वेगळे आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, नव्वदीकडे झुकलेल्या आज्या पाटी घेऊन बसल्या. ही शाळा स्मृतिभ्रंशावरचा उपचार म्हणून निघालेली नाही. पण नवे शिकणे, रोज घराबाहेर पडणे आणि चारचौघींत बोलणे या मेंदूला हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र मिळतात.

आपल्याकडे विहार आहे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. तरुण वाचतात, ज्येष्ठ ऐकतात. त्यात थोडा बदल करूया. वाचनानंतर ज्येष्ठांनी तो भाग आपल्या शब्दांत सांगावा. उपासिकांना आठवड्यातून दोन दिवस अक्षरे शिकवावीत. केंद्राच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढील कुणालाही शिकता येते. महिन्यातून एकदा विहारातच रक्तदाब आणि साखर तपासावी. 'मुख्यमंत्री वयोश्री योजने'त पात्र ६५ वर्षांपुढील ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. त्याचे अर्ज तरुणांनी भरून द्यावेत.

आणि विसरभोळेपणा वाढला, तर सरकारी दवाखाना गाठावा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती कमी होते आणि त्यांवर उपचार आहेत. देवऋषाकडे नेण्यात दिवस घालवू नयेत.

गावात पहिली भीमजयंती कशी निघाली, पाणवठ्यासाठी कोण भांडले, हे कागदावर फार थोडे आहे. बाकी सारे या माणसांच्या डोक्यात आहे. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश फक्त नातवंडांसाठी नव्हता. आजीच्याही हातात पाटी देऊया.

जयभीम!