हिशेब कुणाच्या वहीत?

शिकून पगार किती आणि डोक्यावर कर्ज किती, या दोन आकड्यांवर आज अमेरिकेत विद्या जोखली जाते. तराजू सरकारनंच मांडलाय. 'कॉलेज स्कोअरकार्ड' या सरकारी नोंदीत कॉलेज काढा, विषय काढा, कमाई आणि कर्ज समोर हजर. २०२५ च्या जुलैत तर कायदाच झाला. ज्या पदवीची पोरं नुसती शाळा शिकलेल्या माणसाइतकंही कमवत नाहीत, त्या पदवीचं सरकारी कर्ज बंद करायची तरतूद त्यात आहे. या तराजूत इंजिनियर जड, नर्स जड. माणसाचा अभ्यास करणारं मानववंशशास्त्र हलकं.

मी हिशेबाला नाक मुरडणारा नाही. 'ज्ञानासाठी ज्ञान' हे बापाचा फ्लॅट असणाऱ्यानं म्हणावं. ज्यांच्या आज्यानं सावकाराच्या वहीवर अंगठा उठवला आणि बापानं तो फेडता फेडता कंबर मोडून घेतली, त्यांना कर्ज म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. माझं भांडण तराजूतल्या खोट्या मापाशी आहे.

ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासातले आकडे बघा. पदवी हातात पडते त्या दिवशी काळ्या विद्यार्थ्यावर सरासरी २३,४०० डॉलर कर्ज, गोऱ्यावर १६,०००. चार वर्षांनी काळ्याचं कर्ज जवळपास ५३,००० होतं, गोऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. व्याज चढत जातं, आणि पुढं शिकायचं तर पुन्हा कर्जच काढावं लागतं. म्हणजे पदवी तीच, पण तिची किंमत जन्मावर ठरते. हे गणित आपल्याला नवं आहे का, दोस्तांनो?

२०११ साली फ्लोरिडाचा गव्हर्नर रिक स्कॉट जाहीरपणे म्हणाला की राज्याला आणखी मानववंशशास्त्रज्ञ नकोत. त्याची स्वतःची पोरगी त्याच विषयाची पदवीधर! तिला परवडलं. परवडू नये ते दुसऱ्यांच्या पोरांना.

त्याच फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्यांच्या गावात झोरा नील हर्स्टन वाढली. १९२८ साली ती बर्नार्ड कॉलेजची पहिली काळी पदवीधर झाली. फ्रान्झ बोआसच्या हाताखाली शिकली आणि आपल्याच लोकांच्या गोष्टी, गाणी, मंत्रतंत्र गोळा करत दक्षिणेत हिंडली. पैसा एका श्रीमंत गोऱ्या बाईचा. महिना २०० डॉलर, आणि करार असा की गोळा केलेलं सगळं बाईच्या मालकीचं. गोष्टी काळ्यांच्या, पाय झोराचे, मालकी गोरीची! पुढं झोरानं मोलकरणीचंही काम केलं. १९६० साली ती गरिबांसाठीच्या सरकारी आश्रमात मेली. १९७३ पर्यंत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता.

तराजूवाला म्हणेल, बघा, आम्ही सांगत नव्हतो? अरे बाबा, ती विद्येनं कंगाल झाली नाही. तिच्या विद्येचा मोबदला ज्यांनी दिला नाही, त्यांनी तिला कंगाल केलं. काळ्यांचं जगणं काळ्यांच्या तोंडून टिपणारं तिचं काम आज विद्यापीठांत शिकवतात. कमाईच्या रकान्यात ते कुठं बसतं?

बोआसचाच शिष्य गोल्डनवायझर कोलंबियात मानववंशशास्त्राचा वर्ग घ्यायचा. ९ मे १९१६ ला त्या वर्गात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पंचवीस वर्षांचा पोरगा, बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. १९१७ ला नोकरीवर रुजू झाले तर शहरात राहायला खोली मिळेना. लाठ्या घेऊन आलेल्यांनी उतारगृहातून बाहेर काढलं. पदवी, करार, पगार, सगळं कागदावर ठीक होतं. जात कुठल्या रकान्यात लिहिणार?

माझा मुद्दा एवढाच. या शास्त्रानं आजवर आपल्यालाच टेबलावर ठेवलं. आपली कवटी मोजली, नाक मोजलं, चालीरीती वहीत उतरवल्या. आता वही आपल्या हातात यायची वेळ आली, तर म्हणतात परवडत नाही. मग परवडणारे लिहितील आणि आपण कायम नमुना राहणार.

आपलं सरकारही काही मागं नाही. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजावरचा अभ्यास वगळला. ही शिष्यवृत्ती मुख्यतः अनुसूचित जातींच्या पोरांसाठीची! तिकडं जा, मशीन शिका; जातीबद्दल बोलू नका. अमेरिका कर्ज दाखवून दार लावते, इथं नियम दाखवून लावतात.

माझ्या वस्तीतल्या एका पोरीनं मला विचारलं, दादा, कर्ज काढून अमेरिकेत या विषयाचं एम.ए. करू का? मी म्हणालो, नको. बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आणि आपल्या खोपटाचा कागदच आपल्या नावावर नाही. एम.ए.ला तिकडं बहुधा स्वतःचा पैसा घालावा लागतो, पीएच.डी.ला बऱ्याच विद्यापीठांत फी माफ होऊन वर भत्ता मिळतो. तेव्हा एम.ए. इथंच स्वस्तात कर, तयारी कर आणि त्या दारावर धडक दे. कर्ज सोड. विषय सोडू नकोस.

आणि बाकीच्यांनो, तिला एकटीला हिशेब करत बसवू नका. शिष्यवृत्तीतून विषय वगळणाऱ्यांना रस्त्यावर जाब विचारा. पिढ्यानपिढ्या आपल्याला फुकट मोजून घेतलं. देणं त्यांच्याकडं निघतं, आपल्याकडं नाही.