श्वास सांभाळा, लढा सोडू नका



पाऊस रुसला, देणेकरी दारात आला, की आधी छातीतला श्वास आखूड होतो. तुकोबांच्या पालखीपुढे बेलवडीच्या रिंगणात आपलेच वारकरी दम राखून धावतात. ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून तिचा शास्त्रीय अभ्यास केला.

आम्ही एवढेच सांगतो : पहाटे १० मिनिटे बांधावर बसा. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. दम कोंडू नका. मान, खांदे हलके फिरवा. याने कर्ज फिटणार नाही, ज्वारी-कापसाला भाव मिळणार नाही. त्यासाठी लढावेच लागेल. पण रात्री झोप लागली तर सकाळी हिशोब नीट मांडता येतो. मन फारच खचले तर एकट्याने गिळू नका. डॉक्टरांना गाठा, आमच्याकडे या.