वृंदेला शाप देता येतो का?

‘रात्रीस खेळ चाले’चा एकही भाग न चुकवणाऱ्यांनी मुलींच्या ‘डार्क रोमान्स’वर नाक मुरडू नये. टोरांटोतल्या आमच्या मंडळाच्या तुळशीच्या लग्नाला जेवताना मी एवढंच बोलले आणि आमच्या टेबलावरच्या गप्पांचं भांडण झालं. कुणाच्या तरी लेकीच्या फोनवर हॅरी पॉटरमधली पात्रं घेऊन लिहिलेली एक भलतीच गोष्ट सापडली होती. हर्मायनी कैदेत, आणि तिच्यावर पहारा ठेवणारा ड्रेको मॅल्फॉय तिचा प्रियकर. हे कसलं प्रेम? असलं लिहवतं तरी कसं? आणि मग ठरलेलं वाक्य: आपल्या वेळी असलं काही नव्हतं. पहिले दोन प्रश्न रास्त आहेत, त्यांच्याकडे येतेच. तिसरं मात्र मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईसमोर बोलू नये.

वाद घालायचा तर आधी वाचलेलं बरं, म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या भाचीकडे मी या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव मागितलं. तिने ‘मॅनॅकल्ड’ दिलं. सेनलिन्यू या टोपणनावाने २०१८-१९मध्ये क्रमशः लिहिलेली ही फॅन फिक्शन साडेतीन लाखांहून अधिक शब्दांची आहे. तेव्हा तिचं ठिकाण होतं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. २००९ सालापासून हा संग्रह स्वयंसेवक चालवतात, त्यात जाहिरात नाही, लिहिणाऱ्याला पैसे नाहीत, वाचणाऱ्याला तिकीट नाही. २०१९मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे विज्ञानकथेच्या जगातला मोठा मान. गोष्टीच्या माथ्यावरच पाटी असते: यात हिंसा आहे, मुख्य पात्राचा मृत्यू आहे, बलात्कार आहे, प्रौढांसाठी आहे. पाटी वाचून, ‘पुढे जा’ म्हणून, मगच आत शिरायचं. आयुष्यभर मराठी नाटकं-सिनेमे बघितले, पण नायिकेच्या थोबाडीत बसणार आहे हे मला आधी कुणी सांगितलेलं आठवत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. युद्धात वोल्डेमॉर्ट जिंकला आहे, हॅरी मेला आहे. हर्मायनी वर्षाहून अधिक काळ मिट्ट काळोखाच्या कोठडीत एकटी पडून आहे. तिच्या आठवणींचा एक तुकडा कुलूपबंद झालाय, आणि तो नेमका कसला हे तिलाही ठाऊक नाही. मग तिला मॅल्फॉयच्या वाड्यावर धाडतात, मूल जन्माला घालण्यासाठी. पहिला भाग वाचताना मी कितीदा फोन पालथा ठेवला ते सांगत नाही. रांगड्या शृंगाराची मजा तिथे शोधूनही सापडायची नाही. जे आहे ते हुकमाने होतं, आणि गोष्ट त्याला जबरदस्तीच म्हणते. दुसऱ्या भागात मागचा काळ उलगडतो: लढाई चालू असताना ड्रेको तिच्या बाजूचा हेर होता आणि दोघं एकमेकांवर जीव टाकत होती. थोडक्यात, प्रेम आधीचं आणि कैद नंतरची. वाचणाऱ्याला मात्र ते उलट्या क्रमाने कळतं. सगळा काळोख या एका रचनेवर उभा आहे, आणि रचना पक्की आहे. अडीचशे पानं सहज कापता आली असती, हेही खरंच.

आता मालवणकडे. माझं माहेर आचऱ्याचं. कार्तिक सरत आला की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावतार. देवळापुढे मांडव, राजाच्या सिंहासनासाठी एक लाकडी बाक, पायपेटी, मृदंग, झांज. नटमंडळी आपल्या पेटाऱ्यापाशी बसून आपला रंग आपणच लावतात. नाटकाची वही नसते. आज आख्यान कुठलं, कोण कोण काय होणार, कुठल्या प्रसंगानंतर कुठला, एवढं आधी ठरतं आणि पुढचं सगळं बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. वेदव्यासांनी दिलेली पात्रं, त्यांच्या तोंडी मोचेमाडच्या किंवा वालावलच्या माणसाची वाक्यं. पुराणात नसलेले राक्षस आणि राजकन्या घालून रचलेली काल्पनिक आख्यानंही भरपूर. त्यावर जुने जाणकार कुरकुरतात आणि पहाटेपर्यंत बसून बघतात. माझी आई म्हणायची, “गजाल आमका म्हायत आसा. तो आज काय बोलता, ता आयकूक जावचा.” दुसऱ्याची पात्रं घेऊन आपली गोष्ट सांगण्याच्या धंद्याबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. मोरोपंतांनी रामकथा शंभराहून अधिक वेळा वेगवेगळ्या अटी घालून लिहिली, त्यांना आपण पंतकवी म्हणतो. टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कच्या मुलीने तेच केलं तर ती वेळ फुकट घालवते.

पण मुद्दा नुसता उसन्या पात्रांचा नाही, काळोखाचा आहे. तर जालंदर आणि वृंदेची कथा आठवा. वृंदेचं पातिव्रत्य अभंग आहे तोवर जालंदराला मरण नाही. म्हणून साक्षात विष्णू जालंदराचं रूप घेऊन तिच्याकडे जातो. ती फसते, तिकडे जालंदर पडतो. खरं कळल्यावर वृंदा विष्णूला शाप देते की तू दगड होशील, आणि स्वतः अग्नीत जाते. तिच्या जागी तुळस उगवते, तो शाळिग्राम होतो. आणि आपण दर कार्तिकात ऊस, चिंचा, आवळे मांडून, मंगलाष्टकं म्हणून, फसवलेल्या बाईचं फसवणाऱ्याशी लग्न लावतो. टोरांटोत त्या सुमाराला बाहेर थंडी असते, म्हणून कुंडी घरात घेऊन लावतो. ज्या जेवणावर आमचं भांडण झालं ते याच लग्नाचं. मॅल्फॉयने याहून वेगळं काय केलं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

मग हे चालतं कसं? मला वाटतं, त्या शापामुळे. रंगमंचावर वृंदा पुरुषच असतो, नऊवारी नेसलेला, गजरा माळलेला, जत्रेतल्या अर्ध्या लोकांच्या ओळखीचा. फसवणुकीचा प्रसंग आडून, दोन सूचक वाक्यांत उरकतो. शापाला मात्र स्त्रीपार्टी पुरेपूर वेळ घेते. पदर खोचून, केस मोकळे सोडून, देवाला समोर उभं करून ती जाब विचारते: तू देव, तुझं काम राखायचं, आणि तूच घर फोडलंस? विष्णू झालेला नट मान खाली घालून ऐकून घेतो. त्याला वाक्यच नसतं, आणि सुचलं तरी बोलायचं नाही हे त्याला कळतं. गोणपाटावर पोरं निजवून बसलेल्या बायका तेव्हा डोळा मिटत नाहीत. वर्षभर घरात जे बोलता येत नाही ते कुणीतरी देवालाच सुनावतंय, हे ऐकायला त्या रात्र जागवतात.

म्हणून काळोख्या प्रेमकथेला मी एकच प्रश्न विचारते: यातल्या वृंदेला शाप देता येतो का? अत्याचार दाखवलाय की नाही, शेवट गोड आहे की कडू, हे त्यानंतर.

या प्रश्नावर आमचा जिल्हा चांगला उतरतो. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ शिकवणारे वि. स. खांडेकर यांनी पुढे १९५९ साली ‘ययाति’ लिहिली. महाभारतातलं छोटं उपाख्यान, वासनेने पछाडलेला राजा, दासी करून आणलेली राजकन्या. खांडेकरांनी काय केलं, तर राजाच्या जोडीला देवयानी आणि शर्मिष्ठा या दोघींनाही स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. मूळ कथेत देवयानीला शाप देऊन निघून गेलेल्या कचालाही पुढे ओढलं. फॅन फिक्शन लिहिणारी पोरं अगदी हेच करतात: आवडत्या पात्राला मूळ लेखकाने लवकर सोडलं म्हणून त्याला परत आणतात. या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं. आरवलीच्या जयवंत दळवींचं ‘पुरुष’ हे १९८०च्या दशकातलं नाटक घ्या. त्यातला गुलाबराव मास्तरांच्या मुलीवर, अंबिकेवर, बलात्कार करतो आणि अंबिका त्याची जी परतफेड करते ती बघून प्रेक्षागृहातले पुरुष खुर्चीत आक्रसायचे. तिथे प्रेमाचा मागमूस नाही, दळवींनी तो ठेवलाच नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘चानी’त गावाला हवी असलेली आणि गावाने वाळीत टाकलेली पोर एकच आहे. म्हणजे काळोख आम्हाला परका नाही. आपल्या वेळी असलं काही नव्हतं म्हणणाऱ्यांनी निदान हे तीन लेखक परत उघडावेत.

आता ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक. २०१६मध्ये मालिका आली तेव्हा कोकणाची बदनामी होते, भुताखेतांचा प्रचार होतो, असा ओरडा झाला. पुढे २०१९च्या दुसऱ्या पर्वात अण्णा जिवंत दिसले: बायकोला धाकात ठेवणारे, खून पचवणारे, परक्याच्या बायकोवर, शेवंतावर, नजर टाकणारे. आणि महाराष्ट्र त्यांच्या प्रेमात पडला! माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ही दोन्ही कामं झकास केली, यात शंका नाही. पण अण्णा-शेवंताची गाणी लावून केलेल्या चित्रफिती आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावरही फिरल्या, आणि सावंतवाडीजवळ आकेरीला तो वाडा बघायला गाड्या थांबू लागल्या. शेवंता निदान मेल्यावर अण्णांच्या मानगुटीवर बसते, तिला शाप मिळाला. अण्णांच्या बायकोला, माईंना, काय मिळालं? माईंवर चित्रफीत कुणी केली? काळोखी प्रेमकथा आपण सगळ्यांनी सहकुटुंब बघितली, माथ्यावर पाटी नसलेली.

याचा अर्थ मुली वाचतात ते सगळं उत्तम असा मुळीच नाही. मराठीत प्रतिलिपीसारख्या अॅपवर माफियाचा डॉन, कंपनीचा मालक, करारावरचं लग्न अशा गोष्टींचा रतीब चालू असतो. तिथे नायक तिला उचलून नेतो, कोंडतो, कुणाशी बोलली म्हणून हात पिरगाळतो, आणि पुढच्या भागात तिच्या तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवतो. ती ‘नाही’ म्हणते ते नुसतं लाजणं असतं, गोष्टीलाच तिचं ‘नाही’ ऐकू येत नाही. जाब विचारायला तिला एक पान मिळत नाही. माझ्या प्रश्नावर या गोष्टी साफ नापास आहेत, आणि हे आपल्या मुलींना आपण सांगितलंच पाहिजे. पण सांगणार कसं? वाचल्याशिवाय? ‘मॅनॅकल्ड’ आणि हा रतीब बाहेरून सारखेच दिसतात. फरक आत शिरल्यावर, कैदेतल्या बाईचं डोकं गोष्टीने चालू ठेवलंय की नाही, हे बघितल्यावर कळतो. हर्मायनीचं डोकं शेवटपर्यंत चालू आहे, आणि स्वतःच्या माणसांनी युद्धात तिला कसं वापरलं याचाही हिशेब ती मागते.

एक आक्षेप मी मानते. वयाचा. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात मी ही गोष्ट देणार नाही. माथ्यावरची पाटी प्रौढांसाठी म्हणते, आणि ‘पुढे जा’वर बोट ठेवायला वय विचारणारं कुणी तिथे बसलेलं नसतं. ते काम घरातल्या मोठ्यांचं. दशावतारातही पोरं वेद चोरून नेणाऱ्या संकासुराला भिऊन-हसून, त्याची लढाई बघून पेंगायला लागत आणि आख्यानाचा गाभा रंगेपर्यंत गाढ झोपलेली असत. ती व्यवस्था कुणी आखलेली नव्हती, पण होती.

दुसरा आक्षेप, की हिंसेला प्रेम समजायची सवय लागेल, तो मी अर्धाच मानते. ती सवय आपल्याला सिनेमातल्या पाठलागाने आधीच लागली आहे, आणि पाठलाग करणाऱ्यांनी काही फॅन फिक्शन वाचलेली नव्हती. उलट या कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मोठ्या संख्येने बायका-मुली आहेत. भीती कुठून येते, ती कितपत सोसते, कुठे थांबायचं, हे त्या आपल्या हाताने चाचपून बघतात आणि नको झालं की बंद करतात. जत्रेतून उठून जाता येत असे, तसंच.

पैसा आला की मात्र चित्र बदलतं. ‘ट्वायलाइट’च्या फॅन फिक्शनमधून २०११ साली ‘फिफ्टी शेड्स’ निघालं आणि प्रकाशकांना चटक लागली. ‘मॅनॅकल्ड’ २०२४च्या अखेरीस संग्रहातून उतरवलं गेलं आणि नावं-गावं बदलून सप्टेंबर २०२५मध्ये ‘अल्केमाइज्ड’ नावाने छापून आलं. हर्मायनीची हेलेना झाली. हौसेने, फुकट, रात्री जागून लिहिलेलं आता दुकानाच्या दर्शनी फडताळावर आहे, म्हणजे ते तुमच्या घरात येणारच आहे.

म्हणून मंडळाच्या वाचनालय समितीला माझी विनंती आहे. पुढच्या खरेदीच्या यादीत हे पुस्तक घ्या आणि त्याच्या शेजारी ‘ययाति’ आणि ‘पुरुष’ ठेवा. उन्हाळ्यात एक दुपार ठरवा, मुलींना बोलू द्या, आपण ऐकू, मग भांडू. आणि ज्या आईला लेकीच्या फोनवर भलतंच काही सापडलंय, तिने फोन काढून घेण्याआधी गोष्टीचं नाव विचारावं आणि पहिली पाच प्रकरणं स्वतः वाचावीत. वाचायला सोबत हवी असेल तर मला फोन करा.