पदके मोजली, दुखापतींचे काय?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये (२०२४) भारताने २९ पदके जिंकली. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. अभिनंदनाचे फलक लागले. पण या खेळाडूंच्या दुखापती कोण मोजतो?

आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती मोजते. लंडन २०१२ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक खेळाडूंच्या दुखापती व आजारांची रोज नोंद झाली. सर्वाधिक दुखापती खांद्याच्या निघाल्या. व्हीलचेअर वापरणाऱ्याचा खांदा गेला, तर खेळच नव्हे, घरातले फिरणेही थांबते. मणक्याला इजा झालेल्यांना अनेकदा वेदना कळत नाही. बसून झालेला व्रण उशिरा दिसतो. असे दुखणे वेळीच पकडायचे तर नियमित नोंद लागते.

स्पर्धा काही दिवसांची, सराव वर्षभराचा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खेळातील सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतो. मग जिल्हा पातळीवरच्या सरावातही दुखापतींची नोंदवही, फिजिओथेरपी आणि मोफत उपचार हवेत. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तथागतांनी दुर्लक्षित आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली. त्याला काय होते आणि त्याची काळजी कोण घेते, हे त्यांनी आधी विचारले. सत्काराची शाल देण्याआधी आपणही खेळाडूला हेच विचारूया.

जय भीम!