विश्लेषण : आपल्या गाड्या चार मीटरच्या आतच का असतात?

डिझायर ३,९९५ मिलिमीटर, बलेनो ३,९९०, नेक्सॉन ३,९९५, थार ३,९८५. भारतात चांगल्या खपणाऱ्या या गाड्यांची लांबी पाहिली, तर प्रत्येक गाडी चार मीटरच्या रेषेला टेकून, पण तिच्या आत थांबलेली दिसते. हा योगायोग नाही. गाडी घेताना आपण रंग, मायलेज, कंपनी यांचा विचार करतो, पण तिचा आकार आणि इंजिन बऱ्याच अंशी करपत्रकाने आधीच ठरवलेले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची (जीएसटी) फेररचना झाली, तेव्हा छोट्या गाड्या स्वस्त झाल्याची चर्चा खूप झाली. त्याच वेळी ही चार मीटरची भिंत आणखी उंच झाली, हे मात्र फारसे बोलले गेले नाही.

नियम नेमका काय आहे?

कराच्या दृष्टीने ‘छोटी गाडी’ ठरण्यासाठी दोन अटी एकत्र पाळाव्या लागतात. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. इंजिन पेट्रोल किंवा सीएनजीचे असेल तर १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचे असेल तर १,५०० सीसीपर्यंत असावे. यातली एक अट जरी मोडली, तरी गाडी वरच्या गटात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के आणि वरच्या गटावर ४० टक्के कर आहे.

हा नियम आला कुठून?

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. भारत हे छोट्या गाड्यांच्या उत्पादनाचे केंद्र व्हावे, हा उद्देश होता. कंपन्यांनी संधी लगेच हेरली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची मागची बाजू आखूड करून ‘इंडिगो सीएस’ आणली. मारुतीची पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती. २०१२ मध्ये तिची डिकी कापून ती ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली. पुढे ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू अशा छोट्या एसयूव्हींचा एक मोठा वर्ग याच मापात उभा राहिला. २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी मापे तीच राहिली.

मोटारप्रेमींची तक्रार काय?

गाड्यांचे शौकीन या नियमाला पहिल्यापासून नावे ठेवत आले आहेत. त्यांचा आक्षेप छोट्या गाड्यांना नाही, तर चुकीची गोष्ट मोजण्याला आहे. नियम लांबी आणि सीसी मोजतो. गाडी किती इंधन जाळते, किती धूर सोडते, अपघातात किती वाचवते, यातले काहीच तो मोजत नाही.

याचे परिणाम बाजारात दिसतात. सध्याची ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे आहे. त्यामुळे सुमारे १०३ अश्वशक्तीच्या या गाडीवर ४० टक्के कर लागतो. महिंद्राच्या ‘थ्रीएक्सओ’चे १.२ लिटरचे टर्बो इंजिन त्याहून बरीच जास्त, सुमारे १३० अश्वशक्ती देते आणि १८ टक्क्यांत बसते. जास्त ताकदीच्या गाडीवर कमी कर, असे हे गणित आहे.

थारची गोष्टही तशीच. २.२ लिटर डिझेलची थार वरच्या गटात मोडते. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने तिच्यात १.५ लिटरचे डिझेल इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना गती देणारी रचना बसवून स्वस्त आवृत्ती आणली. ज्या गाडीची ओळखच चारही चाकांना मिळणाऱ्या गतीमुळे, तिची ही आवृत्ती शौकिनांना अर्धीमुर्धी वाटली. ग्राहकाला मात्र ती परवडणारी होती.

असे नियम इतरत्रही आहेत. जपानमध्ये ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी या मर्यादेतल्या ‘केई’ गाड्यांना सवलती मिळतात. जिम्नी तिथे ६६० सीसीची केई गाडी म्हणून विकली जाते. भारतातली पाच दारांची जिम्नी ३,९८५ मिलिमीटरची आहे, पण १.५ लिटर इंजिनामुळे ती सवलतीला मुकते.

फेररचनेने भिंत उंच कशी झाली?

आधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर उपकर होता. छोट्या पेट्रोल गाडीवर एकूण २९ टक्के, तर वरच्या गटात प्रकारानुसार ४३ ते ५० टक्के लागत. आता उपकर गेला आणि दोन्ही गट स्वस्त झाले. पण सवलत सारखी नाही.

समजा, कर धरण्याआधी दोन पेट्रोल गाड्यांची किंमत प्रत्येकी ८ लाख रुपये आहे. एक छोट्या गटात बसते, दुसरी इंजिन १,५०० सीसीच्या आत असूनही बसत नाही. आधी पहिली १०.३२ लाखांना आणि दुसरी, ४५ टक्के कराने, ११.६० लाखांना पडे, फरक १.२८ लाखांचा. आता पहिली ९.४४ लाखांना आणि दुसरी ११.२० लाखांना पडते. म्हणजे फरक १.७६ लाखांवर गेला.

त्यात राज्याचा मोटार वाहन कर वेगळा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली की हा दर ११ वरून १२ टक्के होतो. या उदाहरणातली दुसरी गाडी तिथेही वरच्या टप्प्यात जाते.

छोटी गाडी म्हणजे असुरक्षित का?

तसे नाही. २०१८ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन ही चार मीटरच्या आतलीच होती. २०२४ मध्ये नव्या डिझायरनेही पाच तारे मिळवले. उलट २०१४ मध्ये याच संस्थेने तपासलेल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. म्हणजे फरक लांबीचा नसून सांगाड्याच्या बांधणीचा आणि एअरबॅगसारख्या साधनांचा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी चाचणीही सुरू झाली. पण ती ऐच्छिक आहे आणि पाच ताऱ्यांच्या गाडीला करात काहीही सूट नाही.

विजेवरच्या गाड्यांना हे माप लागू नाही. त्यांच्यावर लांबी कितीही असली तरी ५ टक्केच कर आहे. त्यामुळे तिथे रचनाकारांना हात मोकळे मिळतात.

मग गाडी निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, गाडी कोणत्या करगटात आहे ते पाहावे. ‘छोटी एसयूव्ही’ असे शोरूममध्ये म्हटले, म्हणून कर कमी असेलच असे नाही. किंमत जास्त वाटली, तर त्यातला किती भाग इंजिनाच्या सीसीमुळे वाढला आहे, हे विचारावे.

दुसरी, मागच्या सीटवर तिघांना बसवून आणि डिकीत रोजचे सामान ठेवून पाहावे. चार मीटरची मर्यादा पाळताना पहिली कात्री बहुधा इथेच लागते.

तिसरी, एनकॅपचे तारे पाहताना ते मोठ्यांसाठी किती, मुलांसाठी किती आणि नेमक्या कोणत्या आवृत्तीला मिळाले आहेत, तेही पाहावे.

कमी कर हा ग्राहकाचा खरा फायदा आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. शौकिनांचे म्हणणे एवढेच की, सरकारला सवलत द्यायचीच असेल तर ती कमी धुराला आणि जास्त सुरक्षेला द्यावी. तसे होईपर्यंत ती मोजपट्टी ग्राहकाला स्वतःच लावावी लागेल.