प्रशिक्षिकेचे मोल

२४ ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे नमविले. २०१० व २०१४ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारतीय संघाला हा धक्का होताच. परंतु अधिक चर्चा झाली ती इराणच्या प्रशिक्षिकेची. शैलजा जैन या नाशिकच्या. वर्षानुवर्षे त्यांनी तेथील मुलींना कबड्डी शिकविली. भारतीय संघ घडविण्याची आपली इच्छा अपुरी राहिल्याचे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. इराणचे बोलावणे आले तेव्हा त्या गेल्या, फारसी शिकल्या, आणि त्यांच्या शिष्यांनी भारताला भारताच्याच खेळात हरविले.

येथे निष्ठेचा प्रश्न उपस्थित करणे अप्रस्तुत होय. प्रश्न श्रमाच्या बाजारपेठेचा आहे. ज्या कौशल्याला घरी गिऱ्हाईक नाही, ते परगावी जाते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील सिंडी टिमचाल यांचे. जाळीच्या काठीने चेंडू झेलीत व फेकीत खेळावयाचा लॅक्रोस हा खेळ आपल्याकडे जवळजवळ अपरिचित. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान देण्याचा निर्णय मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील बैठकीत झाला, हा एक योगायोग. टिमचालबाई १९८०-नंतरच्या पहिल्याच वर्षांत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या प्रमुख झाल्या. १९९१ पासून त्या मेरीलँड विद्यापीठात होत्या. तेथे त्यांच्या संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, त्यांपैकी सात १९९५ ते २००१ अशी सलग. पुढे नौदल अकादमीने त्यांना आपला संघ उभा करण्यासाठी नेले. प्राध्यापक जसा एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जातो, तशी ही वाटचाल आहे. पगार, पद, प्रतिष्ठा यांसह एका खेळावर सबंध आयुष्य काढता येते, हे तेथे गृहीतच धरलेले असते.

पुण्याच्या महाविद्यालयात काय दिसते? शारीरिक शिक्षण संचालकाचे एक पद, तेही भरलेले असेल तर. त्या एकट्याने ॲथलेटिक्सपासून बुद्धिबळापर्यंत सारे सांभाळावयाचे आणि वर कार्यालयीन कामे करावयाची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की एखाद्या जुन्या खेळाडूला थोड्या दिवसांच्या मानधनावर बोलाविले जाते. ती खेळाडू स्त्री असेल, तर संसार व नोकरी सांभाळून संध्याकाळच्या दोन तासांत मिळणारे ते मानधन रिक्षाभाड्यातच संपावयाचे. इतकी हौस कुणी किती वर्षे करावी? आणि प्रत्येक विद्यार्थिनी प्रवेश घेताना जिमखान्याचे शुल्क मुलांइतकेच भरते, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत कधी शोधली जात नाही.

पैसा ओतला की सारे सुरळीत होईल, असेही मानू नये. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मुलींच्या खेळांना समान संधी देणे शिक्षणसंस्थांवर बंधनकारक झाले. त्यापूर्वी मुलींच्या दहा संघांपैकी नऊंच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या, बहुधा फुकट वा नाममात्र वेतनावर. कायद्यामुळे पगार आले, आणि पगारामागोमाग पुरुष आले. आज तेथे मुलींच्या निम्म्याहून अधिक संघांचे प्रशिक्षक पुरुष आहेत. लॅक्रोससारख्या थोड्याच खेळांत हे पद बहुतांशी स्त्रियांकडे राहिले. शिवणकाम, स्वयंपाक यांचाही इतिहास काही निराळा नाही: फुकट असते तोवर काम बाईचे, मोल मिळू लागले की त्याचा धंदा होतो.

म्हणून पदे निर्माण करतानाच ती कुणासाठी, हेही ठरवावे लागेल. प्रत्येक महाविद्यालयाला हा खर्च पेलणार नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय नाही असे नव्हे. फर्ग्युसन आणि बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय ही तर एकाच संस्थेची व शेजारशेजारची. गरवारे, मॉडर्न, स. प. ही महाविद्यालयेही सायकलने गाठता येण्याजोगी. अशा चार-पाच महाविद्यालयांनी मिळून कबड्डीची किंवा खो-खोची एक पूर्ण पगारी प्रशिक्षिका वर्षभरासाठी नेमली, आणि खर्च विद्यार्थिनींच्या संख्येच्या प्रमाणात वाटून घेतला, तर कोणाच्याही अंदाजपत्रकाला फारशी झळ लागणार नाही. आधी जिमखाना शुल्काचा हिशेब मात्र विद्यार्थिनींपुढे मांडावा लागेल, आणि तो मागण्याचा हक्क त्यांना आहे.